बाजरीच्या पुढे

श्रावण सरत आला की नगर-मनमाड रस्त्यानं जाताना माझी नजर आपोआप बाजरी शोधते. आता ती सहजी सापडत नाही. दोन्ही अंगांना ऊस, मका, सोयाबीन. बाजरी कुठंतरी आतल्या बाजूला, घरी खाण्यापुरती, गरीब नातेवाईक ठेवून घेतल्यासारखी. यंदा कोल्हारच्या अलीकडे चहाला थांबलो, तर टपरीच्या मागंच एक तुकडा होता. कणसं दुधात आलेली. ऊन चढू लागलं की बाजरीच्या रानातून एक कोमट, किंचित गोडसर वास येतो. ओलं पोतं आणि ताजं पीठ एकत्र ठेवावं तसा. तो घेत उभा राहिलो.

त्या रानात माळा नव्हता. चार वासे रोवून, वर फळ्या टाकून, त्यावर बसून पाखरं राखायची पद्धत आता गेली. त्याऐवजी एका बांबूला बॅटरीवर चालणारा भोंगा बांधला होता. त्यातून कुणा एका माणसाची आरोळी यायची, मग थाळी वाजायची, मग कुत्रं भुंकायचं, आणि पुन्हा तोच माणूस तशाच दमात ओरडायचा. सुरुवातीला पाखरं बिचकली असतील. मी पाहिलं तेव्हा एक होला भोंग्यावरच बसून पंख साफ करत होता. तेच भाषण रोज ऐकवलं की श्रोते असे निर्ढावतात, हे पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमांना हजेरी लावून लावून मला माहीत झालेलं आहे.

आणि पंधरा ऑगस्ट म्हटला की तात्या आठवतात.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे चुलत भाऊ. आमचं गाव प्रवरेपासून फार लांब नाही, पण कालव्याचं पाणी जिथं पोचता पोचता राहून गेलं, त्यातलं. तात्या त्या गावचे, आणि शेवटी शेवटी सगळ्या पंचक्रोशीचे, उरलेले एकमेव स्वातंत्र्यसैनिक. बाकीचे एकेक करून गेले, तशी प्रत्येकाच्या वाटची सभा तात्यांकडे येत गेली. शाळा, ग्रामपंचायत, सोसायटी, पलीकडच्या गावचं कॉलेज. ऑगस्टात त्यांना पोळ्याच्या बैलाइतकीच मागणी असे. फेटा, शाल, नारळ. नारळाची चटणी व्हायची. शाली मात्र अंगावर घ्यायला पातळ आणि भांडी पुसायला जाड, अशा बेताच्या असत. त्यांच्या घरी एका शालीवर कोंबडी अंडी उबवायला बसलेली मी पाहिली आहे. तात्या म्हणाले होते, "बसू दे. आपल्यापेक्षा ती कामात हाय."

मी सांगतोय तो त्यांचा शेवटचा ऑगस्ट. त्या वर्षी मी रजा काढून गावी राहिलो होतो. पाऊस वेळेवर झाला होता आणि बाजरी गावाला दिसेल इतकी उभी होती. सकाळी तात्या ओट्यावर बसून समोरच्या रानाकडे बघत असत. डोळ्यांत फूल पडलं होतं, तेव्हा दिसत किती होतं कोण जाणे. पण वारा आला की मान त्या बाजूला वळायची. निसवलेल्या कणसांची सळसळ पानांच्या सळसळीपेक्षा कोरडी असते. त्यांना ती ऐकू येत असावी. छातीचं दुखणं होतं. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं होतं. घरात जिना नव्हता, म्हणून तात्या हा सल्ला काटेकोरपणे पाळत.

एका सकाळी ते मला म्हणाले, "औंदा बाजरीच्या पुढं जायचं."

गावातल्या कुणालाही याचा अर्थ सांगावा लागला नसता. सभेत तात्यांना "दोन शब्द" बोलायला सांगत. आपल्याकडे दोन शब्द म्हणजे किती, हे वक्त्याच्या हुद्द्यावर ठरतं. साहेबांचे दोन शब्द पाऊण तास चालतात, स्वातंत्र्यसैनिकाचे खरोखर दोनच असावेत अशी अपेक्षा असते. तात्या उभे राहत, माईक दोन्ही हातांनी धरत आणि सुरू करत, "त्या सालात बाजरी लई जोरात आल्ती..." एवढ्यात सूत्रसंचालक पुढं होऊन "धन्यवाद तात्या, आपले अनमोल विचार..." म्हणत माईक सोडवून घेत. त्यांचंही चूक म्हणवत नाही. लोक इंग्रजांविषयी ऐकायला आलेले, आणि म्हातारा पीकपाण्यावर घसरलेला. गावात ती गंमतच होऊन बसली होती. कुणी लांबण लावली की पोरं म्हणत, "आली तात्यांची बाजरी."

बाजरीच्या पुढं काय होतं, ते मला ठाऊक होतं. त्यांनी ते मला तुकड्यातुकड्यानं बऱ्याचदा सांगितलं होतं. पण मला सांगून त्यांचं भागत नव्हतं. "तुला घरात सांगितलं, त्याला काय किंमत," ते म्हणाले. "माझा फेटा समद्यांनी बघितला. हे बी समद्यांसमोरच सांगितलं पायजे. आन् हौसा हाय तवरच."

बेचाळीसच्या पावसाळ्यात तात्या सतरा-अठरा वर्षांचे होते. पुण्याकडचे एक वकील भूमिगत होऊन आमच्या गावात आले. त्यांचं नाव कुणी घेत नसे, सगळे "पाहुणे" म्हणत. लपवायचं कुठं, तर गावातल्या केरूबा नावाच्या शेतकऱ्यानं आपलं रान दिलं. लपण्याची जागा म्हणून बाजरीच्या रानातला माळा फार हुशारीचा होता. माणूस उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसलेला. त्या दिवसांत प्रत्येक रानात असा एकेक जण बसलेला असायचाच, तेव्हा हा कोण म्हणून विचारणार कोण. शिवाय वरून रस्ता दिसतो. पोलीस आले की पाखरं हाकायच्या आरोळीतच इशारा, आणि ती आरोळी रानारानांतून पुढं. सरकारच्या तारेपेक्षा लवकर पोचायची. भाकरी पोचवायचं काम तात्यांचं.

त्याच सुमारास देशाचे मोठे पुढारी नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. आज किल्ला बघायला गेलं की त्यांच्या खोल्या दाखवतात. लोक आत हळू आवाजात बोलतात आणि बाहेर येऊन फोटो काढतात. मीही काढला आहे. पण त्या वेळी किल्ल्याबाहेर उरलेला देश अशा लहान पुढाऱ्यांच्या आणि त्यांहून लहान माणसांच्या अंगावर पडला होता. त्यांच्या खोल्या दाखवता येत नाहीत. माळा हंगाम संपला की चुलीत जातो.

सगळं बेतानं चाललं होतं, एवढंच की पाहुण्यांचं अहिंसेचं व्रत होतं. हातात गोफण दिली तर ती त्यांनी नम्रपणे परत केली. ते नुसतं ओरडत, तेही सभ्य माणसानं ओरडावं तसं. तात्या त्यांची नक्कल करायचे: "चला, चला, उठा आता." पाखरं काही उठत नसत. मग केरूबांची लेक हौसा, नुकती लुगड्यात आलेली, दुसऱ्या कोपऱ्यावर उभी राहून गोफण चालवू लागली. तिचा नेम चांगला होता. एक होला लागून खाली आला. पाहुणे माळ्यावरून उतरले, त्यांनी तो ओंजळीत घेतला, चोचीत पाणी घातलं. तो मेला. त्या दिवशी पाहुण्यांनी भाकरीला हात लावला नाही, आणि तात्या भरला रुमाल तसाच परत घेऊन आले.

केरूबांना अहिंसा किती कळत होती, सांगता येत नाही. पण दारातला पाहुणा उपाशी बसलाय, हे त्यांना पुरतं कळत होतं. त्यांनी हौसाच्या हातातून गोफण घेतली आणि घराच्या आढ्याला अडकवून ठेवली. दुसऱ्या दिवसापासून पाहुणे जेवले. पाखरंही जेवली. चिमण्या, होले, राघू आणि मग भोरड्यांचे थवे. आजूबाजूची राखलेली रानं सोडून सगळे तिथंच.

एकदा फौजदार घोड्यावरून आला. बांधावर केरूबांजवळ थांबून त्यानं माळ्याकडे बघितलं, मग रानाकडे. कणसं टोकापासून बुडापर्यंत कोरी.

"कोन रे त्यो?"

"भाचा हाय, साहेब."

"राखन करतो, का पाखरांना पंगत वाढतो?"

"डोक्यानं जरा कमी हाय," केरूबा म्हणाले. "बसवलाय तिथं. घरात बायामानसांना तरास नको."

फौजदार हसत निघून गेला. पाहुणे पुढं मंत्री झाले, तेव्हा केरूबांच्या या निदानावर गावात बरीच चर्चा झाली म्हणतात.

रान सगळं गेलं. पाहुणे दुसऱ्या ठिकाणी हलले. जाताना केरूबांपुढं हात जोडून उभे राहिले, पण रानाविषयी काही बोलले नाहीत. तात्यांच्या मते त्यांच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. ज्यानं कधी कणगी भरताना पाहिली नाही, त्याला ती रिकामी असलेलीही दिसत नाही. त्या हिवाळ्यात केरूबांचं घर हुलग्याच्या माडग्यावर आणि रानातल्या तरवट्याच्या वाळवलेल्या भाजीवर राहिलं. हौसा दुसऱ्याच्या उसात राबायला गेली. तात्या तोवर तारा तोडताना सापडून तुरुंगात होते. या गोष्टीत त्यांना सगळ्यांत जास्त काय लागत असेल, तर हेच. "तुरुंगात दोन येळा भाकर मिळत हुती," ते म्हणायचे. "तिच्या घरी न्हाई. आन् ताम्रपट मला."

मी या प्रकाराचा पुष्कळ विचार केला आहे. तत्त्व पाहुण्यांचं होतं आणि बाजरी दुसऱ्याची. जगातल्या बऱ्याच उदात्त गोष्टींचा हिशेब मांडला तर बहुतेक तो असाच निघेल. पण हे लिहून मोकळं व्हावं, तर तो ओंजळीतला होला आड येतो. सगळीकडे आग लागलेली, डोक्यावर पकडवॉरंट, आणि एक माणूस पाखराच्या चोचीत पाणी घालतोय. त्याला हसता येतं, पण पोटभर हसवत नाही.

तात्या एकदा मुंबईला पाहुण्यांना भेटायला गेले होते. मंत्रीपदाची दुसरी का तिसरी खेप होती. काही मागायला नव्हते गेले. पिशवीत बाजरीचं पीठ होतं. बराच वेळ बसल्यावर आत बोलावणं आलं. पाहुणे फार चांगलं बोलले. चहा दिला. समोर बसलेल्या दोघातिघांना म्हणाले, आम्ही माळ्यांवर उपाशी दिवस काढलेत. मग तात्यांकडे वळून आपुलकीनं म्हणाले, "कोणतं गाव म्हणालात?"

तात्यांनी गाव सांगितलं, पिठाची पिशवी ठेवली आणि एसटीनं परत आले. हौसाबाईंना त्यांनी एवढंच सांगितलं, की भेट झाली, मानूस बरा हाय.

हौसाबाई गावातल्या गावातच दिलेल्या होत्या. मी त्यांना आत्या म्हणायचो. काटकुळ्या, ताठ, कुणाचं कौतुक न करणाऱ्या. त्या वर्षी झेंड्याला या म्हणून सांगायला मला तात्यांनी पाठवलं.

"मी कशाला?" आत्या म्हणाल्या.

"तात्या तुमच्याविषयी बोलणार आहेत."

"बोलू दे की. त्याला काय मी लागते का?" गवताचा भारा सोडता सोडता त्या थांबल्या. "आन् माझ्याविषयी काय बोलायचं? मी पाखरं हाकत हुते, इंग्रज न्हाई."

पण त्या आल्या. धुवट लुगडं नेसून, बायकांच्या घोळक्यात मागं, शाळेच्या भिंतीला टेकून बसल्या.

मी आधीच सूत्रसंचालकांना गाठलं होतं. ते शाळेतले गुरुजी, स्वभावानं भला माणूस. म्हणाले, "सर, माझी काहीच हरकत नाही. पण साहेबांना इथून पुढं आणखी तीन सत्कार आहेत." मात्र देशाचं भवितव्य कधी कधी रहदारीच्या हाती असतं. झेंडा वेळेवर झाला, मुलांची गाणी झाली, कवायत झाली आणि सत्काराला येणाऱ्या साहेबांची गाडी चाऱ्याच्या ट्रॅक्टरमागं कुठंतरी अडकल्याचा फोन आला. गुरुजींनी सगळ्या मान्यवरांची नावं परत एकदा घेतली. मग त्यांच्याकडचं सगळं संपलं. त्यांनी माईक तात्यांपुढं धरला आणि म्हणाले, "तात्या, सावकाश बोला."

तात्यांच्या आयुष्यात हे शब्द पहिल्यांदा उच्चारले गेले असावेत.

"त्या सालात बाजरी लई जोरात आल्ती," तात्या म्हणाले. पोरांमध्ये खसखस पिकली. तात्या थांबले. कुणी माईक घेत नाहीसं पाहून त्यांनीच जरा दचकून इकडेतिकडे पाहिलं आणि पुढं गेले. माळा सांगितला, गोफण सांगितली. पाहुण्यांचं "चला, उठा आता" आलं तेव्हा सभा मोकळेपणानं हसली. फौजदार आला, केरूबांचं उत्तर आलं, आणि हसण्याचा लोंढाच उठला. गुरुजींनी डोळे पुसले. पुढारी बाजरी राखायला बसतो आणि शेतकरी त्याच्यापायी आपलं रान पाखरांना देतो, हे त्या सकाळी इतकं विनोदी झालं की तात्या हुलग्याच्या माडग्यापर्यंत आले, तरी लोक हसतच होते. एकदा हसायला लागलेली सभा लगेच थांबत नाही. "त्या घरानं आपली कणगी दिली," तात्या म्हणाले. "मी निस्ती भाकर पोचवली. मान त्यांचा हाय." टाळ्या पडल्या. भरपूर पडल्या. मी मागं पाहिलं. आत्यांची जागा रिकामी होती.

सरपंच चपळ माणूस. त्यांनी तिथल्या तिथं एक जादा शाल काढली. ती आत्यांच्या सुनेला देण्यात आली. फोटो निघाला.

तात्या दोन दिवस ओट्यावरून हलले नाहीत. कुणी "तात्या, काय हसवलंत राव" असं म्हणालं की मान हलवायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मला हौसाकडं न्हे."

मी त्यांना गाडीत घालून मळ्यात नेलं. आत्यांचं घर रानातच होतं. वरून झिमझिम चालू होती आणि ओसरीवर ओल्या बाजरीच्या वैरणीचा वास भरला होता. आत्यांनी घोंगडी टाकली, पाणी दिलं आणि समोर बसून मटकी निवडायला घेतली.

"हौसे, तू उठून आलीस," तात्या म्हणाले.

"गाईची धार काढायची राहिल्ती."

"सकाळी नऊला कसली धार."

आत्या ताटातले खडे बाजूला काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "लोक हसले."

"पाहुन्याला हसले गं."

"माझ्या बापाला हसले, दादा. येडा म्हातारा, रान खाऊ दिलं म्हनून. मी बसले हुते न्हवं तिथं. मला कळतं."

तात्यांनी मान खाली घातली. एवढी वर्षं ज्या दोन शब्दांसाठी त्यांनी माईक घट्ट धरला होता, ते शेवटी बोलायला मिळाले, आणि त्यातून हे निघालं होतं. बाहेर पागोळ्या गळत होत्या.

आत्याच पुढं बोलल्या, रागानं नाही. "माझा बा येडा नव्हता. त्यो म्हनायचा, हा पाहुना एक दिस येनार. शिकलेला मानूस हाय, आज न्हाई उद्या त्याच्या ध्यानात येईल का आपन काय करून बसलो. मंग येईल. बा मरंस्तोवर वाट बघायचा. मी म्हनायचे, मोठा झाला, इसरला आसंल. तर मला गप करायचा. म्हनायचा, इसरला न्हाई गं, लाजला. कोनत्या तोंडानं दारात यावं म्हनून येत न्हाई." त्यांनी ताट खाली ठेवलं. "तू गेल्तास न्हवं मंबईला. मी तवा इचारलं न्हाई. इचारायचं भ्या वाटलं. खरं काय ते सांग. लाजला हुता का त्यो?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पिठाची पिशवी घेऊन कसे गेले आणि काय ऐकून आले, हे घरात मला एकट्यालाच माहीत होतं. खरं तेच सांगायचं म्हणून त्यांनी सबंध ऑगस्ट जीव धरला होता. मी नजर बाहेर वळवली.

"व्हय," तात्या म्हणाले. "लाजलाच हुता."

"काय म्हनला?"

"म्हनला, केरूबाला तोंड दाखवायची हिंमत व्हत न्हाई माझी." ते अडखळले, श्वास घेतला. "म्हनला, पोरीच्या हातची गोफन माझ्यापायी गेली. रातचं आठवतं म्हनला."

"आसं म्हनला?"

"आसंच."

आत्यांनी पदरानं तोंड पुसलं, आणि तात्यांकडे बघितलं ते भलतंच तीक्ष्ण होतं.

"मंग तवाच येऊन का न्हाई सांगितलंस? बा जित्ता हुता की तवा."

सुटायची वाट एकच होती, खरं सांगायची, आणि ती तात्यांनी घेतली नाही.

"चुकलं माझं, हौसे," ते म्हणाले.

"लई चुकलं," आत्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.